मनगटावरची हृदयगती : मोजमाप किती, हिशेब किती

हृदयगती हे श्रमाचे माप कसे ठरते

हृदय एका मिनिटात जितक्या वेळा आकुंचन पावते, ती संख्या म्हणजे हृदयगती. निरोगी प्रौढ व्यक्तीची विश्रांतीतील हृदयगती साधारणपणे 60 ते 100 च्या दरम्यान असते. वर्षानुवर्षे लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्यांमध्ये ती 50 च्याही खाली उतरते. प्रत्येक ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलले जाते, म्हणजे विश्रांतीत मिनिटाला जवळपास 5 लिटर. व्यायाम सुरू झाला की स्नायूंची प्राणवायूची मागणी वाढते. ती भागवण्याचे हृदयापाशी दोनच मार्ग असतात : दर ठोक्याला अधिक रक्त ढकलणे किंवा ठोके वाढवणे. पहिला मार्ग बहुतेकांना मध्यम श्रमापर्यंतच पुरतो, पुढची वाढ प्रामुख्याने ठोक्यांवर पडते. त्यामुळे हलक्या श्रमापासून बऱ्याच जोरकस श्रमापर्यंत प्राणवायूचा वापर आणि हृदयगती जवळजवळ सरळ रेषेत बरोबरीने चढतात. हृदयगती मोजणाऱ्या घड्याळाचा सारा उपयोग या एका नात्यावर उभा आहे. प्राणवायूचा वापर मोजायला मुखवटा आणि प्रयोगशाळा लागते. ठोके धावता धावताही मोजता येतात.

पट्टा आधी, घड्याळ नंतर

पूर्वी खेळाडू मध्येच थांबून मानेवर किंवा मनगटावर बोटे ठेवत आणि नाडी मोजत. यात एक मूलभूत दोष होता : थांबताक्षणी हृदयगती उतरू लागते, म्हणजे हाती येणारा आकडा श्रमाचा नसून विश्रांतीच्या सुरुवातीचा असतो. यावर उपाय निघाला फिनलंडमध्ये, बर्फावरून दूरवर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंसाठी. औलू विद्यापीठातील इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक सेप्पो सॅयनॅयॅकांगस यांनी 1977 साली केंपेले येथे पोलार इलेक्ट्रो ही कंपनी स्थापन केली. या कंपनीने 1982 साली बाजारात आणलेल्या ‘स्पोर्ट टेस्टर पीई 2000’ या उपकरणात छातीवरचा पट्टा ठोके टिपत असे आणि बिनतारी संदेशाने मनगटावर पाठवत असे. मनगटावरचे यंत्र त्या काळी निव्वळ तबकडी होते. घड्याळाच्या पाठीलाच संवेदक बसवून पट्टा वगळण्याची पद्धत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली ती गेल्या दशकात.

मापनाच्या दोन पद्धती

छातीचा पट्टा वीज मोजतो. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनापूर्वी त्याच्या स्नायूतून विद्युत तरंग पसरतो. डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा तरंग रेखाटण्याचे खात्रीचे साधन तयार केले आणि त्यांना 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दवाखान्यातील ईसीजी हा त्याच कामाचा वारसा. ईसीजीच्या आलेखातील उंच टोकदार शिखर पट्टा ओळखतो आणि दोन शिखरांमधले अंतर मोजतो.

मनगटी घड्याळ प्रकाश मोजते. त्याच्या पाठीवरचे दिवे त्वचेत हिरवा प्रकाश सोडतात. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश चांगला शोषून घेते. नाडीची लाट आली की त्वचेखालच्या सूक्ष्म वाहिन्यांत रक्त किंचित वाढते आणि परतणारा प्रकाश किंचित घटतो. लाट ओसरली की तो पुन्हा वाढतो. हा चढउतार मोजून ठोके काढले जातात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर याच कुळातला, फक्त तो लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतो. परतणाऱ्या प्रकाशात नाडीमुळे होणारा बदल फारच थोडा असतो. उरलेला प्रकाश त्वचा आणि तिच्याखालच्या ऊती यांची खबर आणतो, आणि हात हलला की तीही बदलते. म्हणून घड्याळात हालचाल टिपणारा स्वतंत्र संवेदक असतो. त्याच्या मदतीने हालचालीचा भाग वजा केला जातो आणि काही सेकंदांची सरासरी पडद्यावर येते. थोडक्यात, पट्टा ठोका जवळजवळ थेट टिपतो, तर घड्याळ त्याचा अंदाज बांधते. अंदाज बहुतेक वेळा उत्तम असतो.

घड्याळ कोठे फसते

सर्वांत फसवी चूक धावताना होते. बरेच धावपटू मिनिटाला 160 ते 180 पावले टाकतात आणि त्याच लयीत हात झुलतो. ही लय नाडीपेक्षा जोरकस असते. मिरवणुकीत ढोलापुढे टाळ ऐकू येईनासा व्हावा, तशी नाडी तिच्यात बुडते आणि घड्याळ पावलांनाच ठोके समजून दाखवू लागते. संथ धाव, बोलता येण्याइतका श्वास आणि पडद्यावर मात्र 172 असा विसंवाद दिसला, तर संशय प्रथम घड्याळावर घ्यावा. घड्याळाचा पट्टा सैल असल्यास हा दोष बळावतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटे वर आणि व्यायामापुरते थोडे घट्ट बांधले की तो बराच कमी होतो.

थंडीत हाताच्या वाहिन्या आकसतात आणि संकेत दुबळा होतो. वजने उचलताना किंवा सायकलचा दांडा घट्ट धरताना हाताचे स्नायू ताठरतात. सूर्यनमस्कार आणि दंड यांत तर मनगट मागे वळून त्यावर शरीराचा भार येतो. अशा वेळी दिसणाऱ्या आकड्यावर फारसा विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. त्वचेतील शाईही प्रकाश अडवते. मनगटावर दाट गोंदण असेल, तर घड्याळ दुसऱ्या हातावर किंवा दंडाकडे सरकवून बांधणे सोयीचे ठरते.

कमाल हृदयगतीचे सूत्र

हृदयगती ज्यापुढे जाऊ शकत नाही ती मर्यादा म्हणजे कमाल हृदयगती. वय वाढते तशी ती उतरते. सरावाने ती फारशी बदलत नाही. घड्याळात वय भरले की ते सहसा एखाद्या सूत्राने ही मर्यादा ठरवते. सर्वांत प्रसिद्ध सूत्र आहे 220 वजा वय. त्याचा उगम 1971 सालच्या एका अमेरिकी शोधनिबंधातील ढोबळ आलेखात सापडतो. काटेकोर सांख्यिकी अभ्यासातून ते निघालेले नाही. तानाका आणि सहकाऱ्यांनी 2001 साली अनेक अभ्यास एकत्र करून 208 वजा वयाच्या 0.7 पट असे सूत्र मांडले. चाळिशीत दोन्ही सूत्रे 180 वर भेटतात. विशीत पहिले 200 सांगते, दुसरे 194. पासष्टीत पहिले 155 आणि दुसरे 162 ते 163. मात्र दुसऱ्या सूत्रानेही व्यक्तिगत फरक मिटत नाही. एकाच वयाच्या निरोगी माणसांत प्रत्यक्ष कमाल गती सूत्रापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी कमी-जास्त असणे अगदी सामान्य आहे. ज्याची खरी मर्यादा 192 आहे, त्याला 180 गृहीत धरणारे घड्याळ मध्यम श्रमालाच ‘अतिश्रम’ म्हणत राहते.

खरी मर्यादा शोधण्याचा मार्ग कष्टाचा आहे : पुरेसे अंग तापवून चढावर काही मिनिटांच्या दोन-तीन जोरकस धावा घेणे आणि शेवटच्या धावेत दिसलेला सर्वोच्च आकडा धरणे. हृदयविकाराची शंका, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा दीर्घकाळ बैठे जीवन असल्यास ही चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी लागते.

झोन आणि त्यांचे दोन हिशेब

बहुतेक घड्याळे हृदयगतीचे पाच झोन पाडतात. पहिला कमाल गतीच्या 50 ते 60 टक्क्यांचा, त्यापुढचे दहा-दहा टक्क्यांनी चढणारे. गोंधळ होतो तो टक्केवारी कशाची यावरून. फिनलंडचेच मार्त्ती कार्व्होनेन यांनी थोड्याच तरुण पुरुषांवर केलेल्या आणि 1957 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दुसरा हिशेब रूढ झाला. त्यात कमाल गतीतून विश्रांतीतील गती वजा करून राखीव गती काढतात, तिचा टक्का घेतात आणि विश्रांतीतील गती त्यात परत मिळवतात.

चाळीस वर्षांच्या, कमाल 180 आणि विश्रांतीत 60 ठोके असलेल्या व्यक्तीचे उदाहरण घेतले तर पहिल्या हिशेबाने 60 ते 70 टक्क्यांचा झोन येतो 108 ते 126. दुसऱ्या हिशेबात राखीव गती 120, म्हणून तोच टक्का देतो 132 ते 144. पहिल्यात अनेकांना भरभर चालण्यावर समाधान मानावे लागते, दुसऱ्यात सावकाश धावता येते. नाव दोन्हींचे ‘झोन टू’. दोन मित्रांच्या झोनमधील वाद बहुधा या एका सेटिंगपाशी मिटतो. झोनच्या सीमा म्हणजे शरीरातील कुंपणे नव्हेत. श्रम वाढता वाढता रक्तातील लॅक्टेट जिथे झपाट्याने चढू लागते तो बदल खरा, पण तो किती ठोक्यांवर होतो हे व्यक्तीगणिक वेगळे. त्याची साधी खूण बोलण्यात सापडते. पूर्ण वाक्ये सहज बोलता येतात तोवर श्रम सौम्य. दोन-तीन शब्दांवर दम लागला की सीमा ओलांडलेली असते.

सरावातील उपयोग

नव्या धावपटूची सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणजे रोज थोडे जास्तच वेगाने धावणे : इतके सौम्य नाही की शरीर सावरेल, इतके जोरकस नाही की क्षमता वाढेल. नॉर्वेत काम करणारे अमेरिकी शरीरक्रियातज्ज्ञ स्टीफन सायलर यांनी उच्च दर्जाच्या सहनशक्ती-खेळाडूंचा सराव अभ्यासला, तेव्हा त्यांची सुमारे 80 टक्के सत्रे सौम्य तीव्रतेची आढळली. घड्याळाचे सर्वांत मोलाचे काम इथे आहे. ते सौम्य दिवसाला सौम्य ठेवते. वरच्या मर्यादेचा इशारा लावून ठेवला की सोबतच्या गटाचा उत्साह आणि स्वतःचा अहंकार दोन्हींना लगाम बसतो.

चढाच्या वाटेवर हृदयगती वेगापेक्षा विश्वासार्ह ठरते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचा मार्ग यवतेश्वर घाटाने चढतो आणि त्याच वाटेने उतरतो. चढावर सपाटीचा वेग टिकवण्याचा हट्ट धरणारा धावपटू घाटमाथ्याआधीच दमतो. ठोके ठरावीक पट्ट्यात ठेवून वेग आपोआप उतरू देणारा टिकतो. परतीच्या उतारावर मात्र हेच माप दिशाभूल करते. ठोके खाली येतात, श्रम कमी झाल्यासारखे वाटतात, पण मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात आणि त्यांची झीज हृदयगतीत उमटत नाही.

आखूड, जोरकस धावांतही घड्याळ कमी कामाचे. श्रम एकदम वाढला तरी हृदयगतीला त्या पातळीवर पोहोचायला मिनिटभर किंवा अधिक वेळ लागतो. तीस सेकंदांची धाव संपते तेव्हा ठोके अजून वाटेतच असतात.

उष्णता आणि ठोक्यांची चढण

एकाच वेगाने तासभर धावले तरी ठोके हळूहळू चढत जातात. घामामुळे रक्तातील द्रवभाग घटतो, शरीर थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, दर ठोक्याला ढकलले जाणारे रक्त कमी होते आणि ती तूट ठोके वाढवून भरली जाते. मुंबई किंवा कोकणातील दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे ही चढण अधिक तीव्र असते. पुण्याच्या जानेवारीतील पहाटे 140 ठोक्यांवर जमणारा वेग मुंबईच्या मे महिन्यात 155 मागू शकतो. त्यात क्षमता घटलेली नसते. दमट दिवसात ठोके धरून वेग सोडणे शहाणपणाचे, कारण शरीरावरचा एकूण भार ठोकेच अधिक प्रामाणिकपणे सांगतात.

विश्रांती आणि सावरणे

झोपेतून उठल्यावरची हृदयगती आठवड्यांच्या पट्टीवर वाचायची असते. महिन्यांच्या सरावाने ती उतरली, तर हृदय दर ठोक्याला अधिक काम करू लागले आहे. नेहमीपेक्षा ती सात-आठ ठोक्यांनी सलग चढी राहिली, तर अपुरी झोप, येऊ घातलेला ताप, मद्यपान किंवा सरावाचा अतिरेक यांपैकी काहीतरी असू शकते. कोणते, ते घड्याळ सांगू शकत नाही.

व्यायाम थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात हेही एक बोलके माप आहे. 1999 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ट्रेडमिल चाचणीनंतर पहिल्या मिनिटात 12 किंवा त्याहून कमी ठोके उतरलेल्या रुग्णांमध्ये पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय जास्त आढळले होते.

कॅलरींचा आकडा

खर्च झालेली ऊर्जा घड्याळ मोजत नाही. वय, वजन, लिंग, ठोके आणि हालचाल यांवरून ते ती काढते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 साली सात मनगटी उपकरणे तपासली, तेव्हा सहांची हृदयगती 5 टक्क्यांच्या आत बरोबर निघाली. ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणाची सरासरी चूक 27 टक्के होती, सर्वांत वाईटाची 93 टक्के. व्यायामानंतर घड्याळ पाहून मिसळपाव मंजूर करणाऱ्यांनी नोंद घ्यावी असा हा फरक आहे.

औषधे आणि आजार

रक्तदाबासाठी दिली जाणारी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी औषधे हृदयगती दाबून ठेवतात. ती घेणाऱ्यांना सूत्रातून निघालेले झोन लागू पडत नाहीत. अनियमित ठोक्यांच्या विकारात मिनिटाची सरासरीही फसवी असते. अशा वेळी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची श्रमाच्या जाणिवेची मोजपट्टी वापरतात. ती 6 पासून 20 पर्यंत जाते. हे चमत्कारिक आकडे निवडण्याचे कारण असे, की निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या अंकावर एक शून्य चढवले की ढोबळमानाने त्याची हृदयगती मिळते. औषधाने ठोक्यांशी असलेले हे नाते तुटले, तरी जाणिवेचा अंक वापरता येतो.

निवड आणि निगा

चालणे, सावकाश धावणे आणि विश्रांतीतील नोंद यांसाठी मनगटी संवेदक पुरेसा आहे. वेगबदलाच्या धावा, वजनांचा व्यायाम किंवा दोन ठोक्यांमधील सूक्ष्म अंतराचा अभ्यास करायचा असेल, तर छातीचा पट्टा वेगळा घ्यावा. ब्लूटूथ असलेला पट्टा आजच्या बहुतेक खेळाच्या घड्याळांशी जोडता येतो. पोहताना मात्र ब्लूटूथचा संदेश पाण्यातून जेमतेम जातो, म्हणून काही पट्टे नोंद स्वतःतच साठवतात आणि बाहेर आल्यावर घड्याळाला देतात. पट्ट्याचे विद्युत-स्पर्शक बांधण्यापूर्वी ओले करावे लागतात, एरवी पहिली दहा मिनिटे आकडे उड्या मारतात. व्यायामानंतर पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. घामाचे मीठ साचत गेले की त्याची पकड बिघडते. वाचन अडखळू लागले की नवा पट्टा घेण्याआधी नाण्याच्या आकाराची बॅटरी बदलून पाहावी.