लाल मणी सरकला की…

ताईचं बाळ वीस दिवसांचं होतं, तेव्हा मी पहिल्यांदा त्याचे श्वास मोजायला बसले. मोबाइलवर एक मिनिट लावलं, पोटाच्या हालचालीवर नजर ठेवली. तीसपर्यंत जमलं. मग बाळाने हात झाडले, श्वास क्षणभर अडखळला, पुन्हा भराभर सुरू झाला आणि माझी मोजणी चुकली. मी विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. साठपर्यंत मोजायला असं काय लागतं, असं मला वाटत होतं.

या मोजणीवर जीव अवलंबून असतो. न्यूमोनियात फुप्फुसांना सूज येते, प्राणवायू कमी पडतो आणि बाळ तो भरून काढण्यासाठी भराभर श्वास घेऊ लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त आणि त्यापुढे वर्षभरापर्यंत 50 किंवा जास्त झाले, तर ती धोक्याची खूण. खेड्यात एक्स-रे नसला तरी एवढ्यावरून उपचार सुरू करता येतात. पण तिथे श्वास मोजणार कोण?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला. बाळंतिणीच्या खोलीत हक्काने जाणारी बाई म्हणजे गावची सुईण. तिच्या हाताला अनुभव होता, पण अनेकींना साठपर्यंत आकडे येत नव्हते. मग तिला जमेल असं साधन तयार झालं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या बाळांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की साठचा आकडा साठच राहिला. सुईणीसाठी निकष सैल केला नाही, आणि निकषासाठी सुईणीला दाराबाहेरही ठेवलं नाही.

मग या माणुसकीनेही आपली परीक्षा दिली. पुढे 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बायका घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. ही सेवा नसलेल्या गावांशी तुलना करून, एकेका जन्म-मृत्यूची नोंद ठेवून निष्कर्ष काढले गेले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे संशोधन छापलं. 2011 मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या गृहभेटींतून ही पद्धत देशभर नेण्याचं काम सुरू झालं. नुसती कळकळ गडचिरोलीतच राहिली असती; पुराव्याने तिला देशभर वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाळाजवळ बसले, या वेळी चिंचोके घेऊन. दहा श्वासांना एक चिंचोका. बाळाने हात झाडले, तरी हिशेब सुटला नाही. मिनिट संपलं तेव्हा चार चिंचोके बाजूला होते आणि वर चार श्वास: 44. मी ताईला सांगायला वळले. तिला डोळा लागला होता.