घरी बसून काम करणारा कामगार कोणाचा? विडीपासून डिलिव्हरी ॲपपर्यंत, सोलापुरात कंपन्यांच्या वकिलापुढे येणारा प्रश्न

‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द कोरोनाने घरोघरी पोहोचवला. सोलापुरात मात्र हे काम फार जुने आहे. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पान-तंबाखू घरी न्यायची, वळलेल्या विड्या परत नेऊन द्यायच्या आणि हजार विड्यांमागे मजुरी घ्यायची. पूर्व भागातल्या हजारो बायकांचे आयुष्य या फेऱ्यांत गेले. हजेरी नाही, वेळेचे बंधन नाही, डोक्यावर मुकादमही नाही. मग ही बाई कंपनीची कामगार, की स्वतःच्या मर्जीची कारागीर?

कंपन्यांना सल्ला देणाऱ्या कामगार कायद्याच्या वकिलाची बरीचशी कारकीर्द याच प्रश्नाभोवती फिरते. कारण उत्तरावर पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस सगळेच ठरते.

कोर्टाने काय ठरवले?

उत्तर सरळ रेषेत मिळाले नाही. नागपूरच्या एका विडी कारखान्यातले मजूर हवे तेव्हा येत, हवे तेव्हा जात. मजुरी नगावर. तरी ते कामगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये सांगितले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका विडी प्रकरणात बहुमताचा निकाल उलटा लागला. अखेर 1966 मध्ये विडी-सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि त्यात घरी विड्या वळणाऱ्यांनाही धरले गेले. 1985 च्या निकालाने पीएफचाही वाद मिटवला. त्या निकालातला मुद्दा साधा होता: खराब विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढण्याचा हक्क मालकाकडे आहे ना? मग नियंत्रणही त्याचेच. मधला ठेकेदार मालकाच्या जबाबदारीच्या आड येत नाही.

म्हणजे करारात काय लिहिले आहे, यापेक्षा प्रत्यक्षात काम कसे चालते हे कोर्ट पाहते. अनेक मालकांना हे पटत नाही. वकिलाचा निम्मा वेळ तिथेच जातो.

यंत्रमागाच्या शेडमध्ये

चादर-टॉवेलच्या धंद्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पीएफ कायदा साधारणपणे 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होतो. मग एकाच शेडमधले माग कागदावर भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावावर विभागले जातात. प्रत्येकाकडे दहा-बारा कामगार, म्हणजे पीएफ नाही, असा हिशेब. पण पीएफ कार्यालय चौकशीत व्यवस्थापन एक आहे का, पैसा एकाच खिशातून फिरतो का, कामगार इकडून तिकडे जातात का, हे तपासते. एकच आस्थापना ठरली तर मागची थकबाकी, त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज आणि शिवाय दंडात्मक नुकसानभरपाई. छोट्या कारखानदाराला ही रक्कम झेपेलच असे नाही. आणि तोपर्यंत तिथे वीस वर्षे माग चालवलेल्या माणसाच्या खात्यात काहीच नसते. चांगला वकील असा घोळ होण्याआधी मालकाला अडवतो. त्या सल्ल्याची फी मात्र मालकाला जड वाटते.

एक गोष्ट फारशी माहीत नसते. औद्योगिक विवादात वकिलाला थेट उभे राहता येईलच असे नाही. समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागते. औद्योगिक विवाद कायद्यातली ही अट नव्या संहितेतही आहे. त्यामुळे या क्षेत्रातले बरेच काम कोर्टाबाहेर चालते: नेमणूकपत्रे, स्थायी आदेश, खातेनिहाय चौकशी, युनियनशी करार. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हेही मालकाला सांगावे लागते. गारमेंटच्या युनिटमध्ये बायका मोठ्या संख्येने असल्याने ही बाब तिथे कागदापुरती ठेवून चालत नाही.

नव्या संहितांनी काय बदलले?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. 29 कायदे त्यात सामावले, 1966 चा विडी कायदाही. मालकांकडून सर्वाधिक विचारणा होण्याजोगा बदल आहे वेतनाच्या व्याख्येचा. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते.

समजा, सुपरवायझरला महिना 36,000 रुपये मिळतात. मूळ वेतन 14,000, भत्ते 22,000. आता वेतन धरले जाईल 18,000. दहा वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी जुन्या हिशेबाने सुमारे 80,770 रुपये होती, ती नव्या हिशेबाने सुमारे 1,03,850 होते. शिवाय ठरावीक मुदतीच्या कामगाराला पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. नोकरी सुटल्यावर देणे दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे.

सगळे कामगारांच्याच बाजूचे आहे असे नाही. कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी आधी 100 कामगारांपासून लागायची, आता 300 पासून. सोलापुरातली बहुतेक युनिट या आकड्याच्या खूप खाली आहेत. ती आधीही या अटीबाहेर होती, आजही आहेत.

मग डिलिव्हरी बॉय?

सात रस्त्यावर ऑर्डरची वाट पाहत थांबलेल्या मुलाला संहितेने ‘गिग कामगार’ म्हटले, पण पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर ठेवले. त्याच्या सामाजिक सुरक्षेसाठी ॲप कंपनीने उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यायची, तीही अशा कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही.

रेटिंग घसरले की या मुलाचा आयडी बंद होऊ शकतो. छाट काढण्याच्या हक्कावरून 1985 मध्ये मालकाचे नियंत्रण सिद्ध झाले होते. मग आयडी बंद करण्याच्या हक्काचे काय, असा युक्तिवाद कोणी केला तर ॲप कंपनीचा वकील संहितेतल्या स्वतंत्र व्याख्येकडे बोट दाखवेल. तूर्त त्या मुलाच्या हाती आहे ती आधारवर होणारी ई-श्रम पोर्टलची नोंदणी.