लक्ष्मी रस्त्याचा भाव, वॉशिंग्टनचं कर्ज

२०२५च्या अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा गाठला. ऑक्टोबरात जागतिक भाव औंसामागे चार हजार डॉलरच्या वर गेला. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर वेढणी घ्यायला आलेली माणसं एका ग्रॅमच्या नाण्यावर मुहूर्त साधू लागली. भाव का चढला, असं विचारावं तर पेढीवर उत्तर तयार असतं: लग्नसराई. म्हणजे दोष पुन्हा आपल्याच हौसेचा.

खरं कारण मागे जाऊन शोधायला हवं. मोरारजी देसाईंचं सुवर्ण नियंत्रण, दागिन्यांवरची १४ कॅरटची सक्ती, देशाच्या सोन्याचं १९९१चं गहाण यांच्या कथा सांगून झिजल्या आहेत. त्यानंतरची दहा वर्षं तर सोन्यासाठी निव्वळ कंटाळवाणी. खरी गंमत २००१नंतर सुरू झाली.

तेव्हा दहा ग्रॅमचा भाव साडेचार हजारांच्या आत होता. १९९९पासून ब्रिटिश सरकारने सुमारे ३९५ टन सोनं औंसाला सरासरी २७५ डॉलरने फुंकून टाकलं. आपल्याकडचे गुंतवणूकतज्ज्ञही व्याख्यानांतून सोन्याला ‘पडून राहिलेला पैसा’ म्हणत आणि आया-आज्यांच्या अडाणीपणावर टाळ्या घेत.

त्याच वेळी चीन आणि जपान निर्यातीतून आलेले डॉलर अमेरिकी सरकारच्या रोख्यांत ओतत होते. २००४ ते २००६ दरम्यान तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर १ टक्क्यावरून सव्वापाचवर नेला, तरी दीर्घ मुदतीच्या रोख्यांचं व्याज फारसं हललं नाही. त्या बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रीनस्पॅन यांना ते कोडं वाटलं, तर त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या बर्नांके यांनी बाहेरच्या देशांच्या जादा बचतीकडे बोट दाखवलं. सोनं व्याज देत नाही, हा त्याच्यावरचा मोठा आक्षेप. पण रोख्याचं व्याजच महागाईने खाल्लं, की त्या आक्षेपात दम उरत नाही. दुबळा डॉलर आणि २००८चं संकट यांनीही हातभार लावला, आणि सप्टेंबर २०११मध्ये भाव १,९०० डॉलरपर्यंत गेला. अडाणी आज्यांचं गणित बरोबर निघालं. व्याख्याते मात्र विषय बदलून मोकळे झाले.

मग आलं २०१३. मे महिन्यात बर्नांके यांनी आपल्या बँकेची रोखेखरेदी आटोपती घेण्याचं नुसतं सूतोवाच केलं आणि परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या सरकारचे रोखे विकायला काढले. रुपया घसरत २८ ऑगस्टला डॉलरला ६८ रुपयांच्या पलीकडे गेला. जागतिक बाजारात सोनं २०११च्या उच्चांकापेक्षा बरंच स्वस्त होतं, पण इथे त्याने दहा ग्रॅमला ३४ हजारांच्या वर विक्रम केला. भाव सोन्याचा नव्हे, रुपयाचा बदलला होता, आणि तो आपल्या रोख्यांवरची परदेशी मर्जी उडाल्यामुळे. त्या काळात अर्थमंत्री चिदंबरम जनतेला सोनं घेऊ नका म्हणून विनवत होते. आयात शुल्क वर्षभरात चारावरून दहा टक्क्यांवर गेलं. चालू खात्यातल्या तुटीत सोन्याच्या आयातीचा वाटा होताच, पण पळून गेलेल्या परदेशी पैशाला कोणी दटावलं नाही. पोरीच्या लग्नाचं मंगळसूत्र करणाऱ्यालाच काय तो उपदेश.

पुढची काही वर्षं पुन्हा सुस्त. २०१५मध्ये सरकारने सुवर्णरोखे काढले, ग्रॅमला २,६८४ रुपयांनी. ती सामान्यांची एक चांगली सोय होती. फेब्रुवारी २०२४नंतर तिची नवी विक्रीच झाली नाही, कारण ते कर्ज सरकारला महाग पडू लागलं.

व्याज चढलं की सोनं पडतं, हा जुना नियम २०२२ने मोडला. रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्यांनी गोठवली आणि दुसऱ्याच्या कर्जरोख्यात ठेवलेला पैसा एका सहीने अडकू शकतो, हे सगळ्या देशांना कळलं. अमेरिकी व्याजदर वाढूनही सोनं फार काळ खाली राहिलं नाही. मध्यवर्ती बँकांनी सलग तीन वर्षं दरसाल हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपली रिझर्व्ह बँकही त्यात होती. २०२५मध्ये तिच्याकडे ८७० टनांहून अधिक सोनं होतं आणि त्यातलं पुष्कळसं तिने लंडनहून मायदेशी आणलं आहे.

बँकेने घेतलं तर ते धोरण, आपण घेतलं तर हौस! पुढच्या वेळी कोणी मंत्री सोनं घेऊ नका म्हणून सांगायला आला, तर त्याने सुरुवात रिझर्व्ह बँकेच्या मिंट रोडवरून करावी.