पोटाचे स्नायू आणि रोजच्या सवयी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोटाच्या भिंतीत मुख्यतः स्नायूंच्या चार जोड्या असतात. सर्वांत पुढे बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभा उतरणारा रेक्टस ॲब्डॉमिनिस असतो. दोन्ही कुशींना एकमेकांना छेद देत जाणारे बाहेरचे आणि आतले तिरके स्नायू असतात. सर्वांत आत, कमरपट्ट्यासारखा आडवा वेढा घातलेला ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस असतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि मागे कण्यालगतचे छोटे स्नायू मिळून ही पोकळी सर्व बाजूंनी बंद होते. हे सगळे एकाच वेळी आवळले की पोटातला दाब वाढतो आणि कण्याला आधार मिळतो. खोकणे, शिंकणे, शौचाला जोर करणे, प्रसूतीच्या वेळी कळ देणे ही कामेही याच दाबावर होतात.

धड वाकवणे हे या स्नायूंचे एक काम झाले. दिवसभरात त्याहून जास्त वेळा ते धड नको तिकडे वाकू नये, वळू नये म्हणून राबतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा खांद्याच्या स्नायूंच्याही आधी ट्रान्सव्हर्सस आवळला जातो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये हे आवळणे उशिरा होत होते. पोटाच्या स्नायूंविषयीचे बहुतेक गैरसमज त्यांचे हे काम ध्यानात न घेतल्याने झालेले आहेत.

गैरसमज 1 : पोटाचे व्यायाम केले की पोटावरची चरबी जाते.

वस्तुस्थिती : स्नायू आणि चरबी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शरीराला ऊर्जा कमी पडली की चरबी सगळीकडून वापरली जाते. कुठली आधी उतरायची हे आनुवंशिकता, संप्रेरके आणि वय ठरवतात. 1971 मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजण्यात आले. खेळण्याचा हात जाड होता, पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच निघाला. 2011 मध्ये अमेरिकेत 24 जणांवर झालेल्या अभ्यासात एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे सात व्यायाम केले. त्यांच्या स्नायूंचा दम वाढला, कमरेचा घेर आणि पोटावरची चरबी मात्र होती तेवढीच राहिली. सुटलेले पोट आत जाण्यासाठी आहार आणि एकूण हालचाल यांतच बदल करावा लागतो.

गैरसमज 2 : रोज शंभर सिट-अप्स काढल्याशिवाय पोट मजबूत होत नाही.

वस्तुस्थिती : सिट-अपमध्ये पोटाबरोबर मांडीच्या पुढचे, कमरेपाशी वाकवणारे स्नायूही जोराने ओढतात आणि त्याचा भार कण्यावर येतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांच्या प्रयोगशाळेने केलेल्या मोजमापांत एका सिट-अपला कमरेच्या मणक्यांवर सुमारे 3300 न्यूटन दाब आढळला. निरोगी माणसाने थोड्या सिट-अप्स काढल्याने बिघडत नाही. पण कंबर दुखणाऱ्याने संख्येच्या मागे लागण्यात अर्थ नाही. अमेरिकी लष्कराच्या जुन्या चाचणीत दोन मिनिटांत जमतील तेवढ्या सिट-अप्स काढाव्या लागत. 2022 पासून चाचणीत त्यांच्याऐवजी प्लँक, म्हणजे कोपर आणि चवडे टेकून धड सरळ रेषेत धरणे, आहे. सूर्यनमस्कारात हात-पाय ताठ ठेवून शरीर एका रेषेत धरण्याची स्थिती पोटाकडून याच जातीचे काम करून घेते. नमस्कार भराभर उरकण्याऐवजी या स्थितीत पाच-दहा सेकंद थांबले की पोटाला जास्त काम पडते.

गैरसमज 3 : पोट दिवसभर आत ओढून धरले की ते घट्ट होते.

वस्तुस्थिती : पोट आत खेचून ठेवले की श्वासपटलाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि श्वास छातीतल्या छातीत अडकतो. कणा स्थिर ठेवायला पोट आत ओढावे लागत नाही, चहूबाजूंनी टणक करावे लागते. हा फरक सहज अनुभवता येतो. कमरेच्या दोन्ही हाडांच्या किंचित आतल्या बाजूला बोटे टेकून हलकेच खोकले की बोटांखालचा भाग टणक होतो. जड वस्तू उचलण्याआधी पोट तेवढेच, पण खोकल्याशिवाय आवळायचे आणि उचलताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला तर रक्तदाब एकदम वाढतो. काम संपले की पोट सैल सोडावे.

गैरसमज 4 : रोजच्या कामांनी स्नायूंना काहीच होत नाही, किंवा उलट, घरकाम पुष्कळ असले की व्यायाम लागत नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही टोके चुकीची आहेत. काम कोणते आणि ते कसे केले जाते, यावर सगळे अवलंबून असते.

उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली घेतली की शरीर उजवीकडे कलू पाहते. ते सरळ राखण्यासाठी डाव्या कुशीचे स्नायू आणि कमरेचे खोल स्नायू आवळले जातात; डाव्या हाताची बोटे कुशीवर ठेवली तर ते जाणवते. बाजाराची पिशवी एका हातात घेऊन, न झुकता ताठ चालणे आणि थोड्या अंतराने हात बदलणे हा म्हणूनच कुशींचा चांगला व्यायाम ठरतो. गुडघे आणि एक हात टेकून फरशी पुसताना दुसरा हात लांबवर फिरतो, तेव्हा धड गरकन वळू नये म्हणून तिरके स्नायू राबतात. पाठीचा बाक येऊ न देता, हात बदलत पुसले तर दोन्ही बाजूंना सारखे काम मिळते.

मांडी घालून जमिनीवर जेवायला बसणे आणि हातांचा आधार न घेता उठणे यात पाय, पुठ्ठे आणि पोट एकदम कामाला लागतात. ज्यांना जमिनीवर बसणे जमत नाही त्यांनी खुर्चीत बसताना धपकन न बसता सावकाश टेकावे आणि उठताना हात वापरू नयेत. लोकलमध्ये किंवा एसटीत उभे असताना दांडी धरावीच, पण तिला लोंबकळू नये. गाडीच्या हिसक्यांना धड सावरू द्यावे. याउलट पाठ गोल करून खुर्चीत रेलले की पोटाचे स्नायू जवळपास सुटीवर जातात. बैठे काम असलेल्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत.

या सवयींना मर्यादाही आहे. शरीराला ठरावीक भाराची सवय झाली की स्नायू त्यापुढे वाढत नाहीत. वर्षानुवर्षे तीच बादली उचलणाऱ्याचा दम टिकतो, पण ताकद तेवढीच राहते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे.

गैरसमज 5 : पट्टा बांधला की पोट आत जाते आणि स्नायू बळकट होतात.

वस्तुस्थिती : पट्टा आधार देतो, स्नायूंचे काम तो स्वतःकडे घेतो, त्यामुळे ताकद वाढत नाही. घाम आणणाऱ्या पट्ट्याने उतरलेले वजन पाण्याचे असते आणि पाणी प्यायले की परत येते. विजेचे सौम्य झटके देणाऱ्या पट्ट्यांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतील दावे खोटे असल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2002 मध्ये तीन उत्पादनांच्या विक्रेत्यांवर कारवाई केली होती.

बाळंतिणीचे पोट सुती कापडाने बांधण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. तिने आधार आणि आराम मिळू शकतो, विशेषतः सिझेरियननंतर. मात्र गरोदरपणात रेक्टसच्या दोन पट्ट्यांमधला मधला पडदा ताणून रुंद झालेला असतो. ही फट प्रसूतीनंतर पहिल्या आठेक आठवड्यांत आपोआप बरीच कमी होते आणि पुढे योग्य व्यायामाने स्नायूंची पकड परत येते. उठताना पोटाच्या मध्यावर उभा उंचवटा येत असेल तर सिट-अप्स टाळून फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठणे या काळात सोयीचे असते.

गैरसमज 6 : सपाट पोट किंवा सिक्स पॅक म्हणजे मजबूत स्नायू.

वस्तुस्थिती : रेक्टसवरच्या आडव्या कंडरांमुळे दिसणारे चौकोन प्रत्येकात असतात. त्यांची संख्या आणि मांडणी जन्मजात असते. चरबीचा थर पातळ असला की ते दिसतात. सडपातळ दिसणारा माणूस आतून तंदुरुस्त असेलच असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. भारतीयांत पोटाच्या आत चरबी साठण्याची प्रवृत्ती जास्त असल्याने कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर धरली जाते.

गैरसमज 7 : वय झाल्यावर स्नायू कमवता येत नाहीत.

वस्तुस्थिती : वयानुसार स्नायू घटतात, पण व्यायामाला प्रतिसाद देणे ते थांबवत नाहीत. 1990 मध्ये अमेरिकेत सरासरी 90 वर्षे वयाच्या वृद्धांना आठ आठवडे मांड्यांचा भारासह व्यायाम देण्यात आला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. पोटाच्या स्नायूंचा धर्म वेगळा नाही. ज्येष्ठांनी सुरुवात खुर्चीवरून उठण्या-बसण्याने आणि भिंतीला हात टेकून तिरके उभे राहण्याने करावी.

गैरसमज 8 : पोटाच्या व्यायामाने कंबरदुखी आणि हर्निया बरे होतात.

वस्तुस्थिती : जुन्या कंबरदुखीत व्यायामाचा फायदा होतो, पण चालणे किंवा इतर नियमित व्यायामापेक्षा केवळ पोटाचे व्यायाम दीर्घकाळात फारसे सरस ठरलेले नाहीत. जो व्यायाम सातत्याने होईल तोच चांगला. हर्नियाची गोष्ट निराळी आहे. पोटाच्या भिंतीला पडलेली फट प्रौढांमध्ये व्यायामाने बुजत नाही आणि जोर केल्याने वाढू शकते. जांघेत किंवा बेंबीपाशी खोकताना फुगवटा येत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा कंबरदुखीबरोबर पायात मुंग्या वा अशक्तपणा असेल, तर कोणताही व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.