पेजेचा तांदूळ कुठून आला?

जानेवारीत विंचूरच्या उपबाजारात लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, शेतात उन्हाळ कांद्याची लागवड चालू असते आणि थंडी वाढली की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. अशात कुणीतरी व्हॉट्सॲपवर झेन कथा धाडतो : नव्या वर्षी मन शांत ठेवा. ठेवू की, पण कधी?

चाओचाउ हा नवव्या शतकातला चिनी गुरू. मठात नव्याने आलेल्या भिक्खूने त्याच्याकडे उपदेश मागितला. गुरूने विचारलं, पेज खाल्लीस का? हो म्हणताच सांगितलं, मग वाडगा धुऊन टाक. संपली गोष्ट. याहून छोटा संकल्प सापडायचा नाही. पण शेतकऱ्याची नजर वाडग्यावरच अडते : पेजेचा तांदूळ आला कुठून?

याचं एक उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत, त्या गोष्टीच्याही कितीतरी आधी, दगडात कोरलेलं आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात चक्क हिशेब मांडतो. इथल्या भिक्खूंच्या अन्नासाठी ४००० कार्षापणांना शेत विकत घेतलं. शिवाय गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत २००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा १ व्याजाने. वर्षाचं व्याज २४०. वर्षावासाला राहणारे भिक्खू २०, प्रत्येकाला चीवरासाठी १२. करून पाहा, पैचा फरक नाही! दुसऱ्या श्रेणीत आणखी १०००, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. वर हे सगळं निगमसभेत जाहीर करून नोंदवलेलं.

सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही मुदतठेव कशासाठी? पावसाळ्यात भटकंती थांबवून काही माणसांना एका जागी बसता यावं म्हणून. ध्यान करणाऱ्याच्या मनोनिग्रहाचं कौतुक आपण फार करतो. त्याच्या कापडाचा आणि जेवणाचा विचार करणारा मला जास्त थक्क करतो.

याच जिल्ह्यात, इगतपुरीला, १९७६ पासून सत्यनारायण गोयंकांचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. शिबिर दहा दिवसांचं. पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा. पहिले तीन दिवस काम एकच, नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहत राहणं. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून पुढच्यांचं जेवण होतं. उषवदाताला ही व्यवस्था लगेच कळली असती.

तेव्हा विंचूरहून जाणाऱ्याने खर्चाची चिंता करू नये. दहा दिवस बागेकडे कोण बघणार, ते मात्र शेजारच्या मळ्यात आधी विचारून ठेवावं.