मैदान हवे, पण आवाज किती?



नागपुरातील अनेक ले-आउटमध्ये घरांच्या मधोमध एक मोकळी जागा सोडलेली असते. तिथे व्हॉलीबॉलचे मैदान करावे, दिवे लावावेत, अशी योजना निघाली की वस्तीत दोन पक्ष पडतात. मुले विचारतात, "आम्ही खेळायचे कुठे?" शेजारचे आजोबा विचारतात, "आम्ही झोपायचे कधी?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण वाद 'त्रास होईल' आणि 'होणार नाही' यांतच फिरत राहतो. 'किती?' असे कोणी विचारत नाही. ते विचारणे हे आपले काम.

मोठ्या सामन्यांसाठी मैदान दूर नेता येते. सिव्हिल लाइन्समधील मैदानावर १९६९ मध्ये नागपुरातला पहिला कसोटी सामना झाला. २००८ पासून कसोटी सामने वर्धा मार्गावरील जामठा येथे होऊ लागले. वस्तीतले मैदान मात्र तसे नेता येत नाही. मुलांना तिथे पायी जाता आले पाहिजे. म्हणून हिशेब घराशेजारीच मांडावा लागतो.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. आवाजाची तीव्रता दहापट झाली की पातळी १० डेसिबलने वाढते. दुप्पट झाली की सुमारे ३ ने. उघड्यावर आवाज चहूकडे पसरतो, त्यामुळे अंतर दुप्पट केले की तीव्रता एक चतुर्थांश उरते आणि पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते.

समजा, मैदानाच्या मध्यापासून २० मीटरवर खेळाचा सरासरी आवाज ६४ डेसिबल भरला. मग ४० मीटरवर तो ५८ आणि ८० मीटरवर ५२ होईल. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, सरासरी मर्यादा ५५ डेसिबल आहे. रात्री ती ४५ आहे. म्हणजे ८० मीटरवरचे घर दिवसा मर्यादेत बसते, ४० मीटरवरचे बसत नाही.

आता उपाय तपासू. "निम्मीच मुले खेळू द्या," असे कोणी सुचवील. सगळी मुले सारखीच ओरडतात असे धरले, तरी त्याने केवळ ३ डेसिबल कमी होतील. म्हणजे दहा मुलांचे खेळणे बंद होऊन आजोबांना फरक जेमतेम जाणवेल! "झाडे लावा," असे दुसरा म्हणेल. झाडे जरूर लावावीत, पण एका रांगेतली झाडे आवाज फारसा अडवीत नाहीत. फटी नसलेली भरीव भिंत मैदान आणि खिडकी यांच्यामधली सरळ रेषा जेमतेम तोडील इतकी उंच असली, तरी सुमारे ५ डेसिबल कमी होतात. मग ४० मीटरवरच्या घरात ५८ चे ५३ होतील. मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून मैदान दिसत राहिले, तर तिथे भिंतीचा उपयोग नाही.

आणि रात्री दहानंतर? ५३ हा आकडाही ४५ पेक्षा बराच मोठा आहे. तिथे भिंत पुरणार नाही. घड्याळच पाहिले पाहिजे. दहाच्या आत खेळ थांबलाच पाहिजे.

दिव्यांचेही असेच. दिवा आडवा रोखला की उजेड समोरच्या घरात शिरतो. वर टोपण बसवून तो खाली वळवला की मैदानावरच पडतो. त्याला खर्चही थोडाच येतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नियमातील आकडा सरासरीचा आहे. पंचाची एकच कर्कश शिट्टी सरासरीत लपते, पण दुपारी डोळा लागलेल्या आजारी माणसाला ती जागे करते. त्याची तक्रार आकड्यात बसत नाही म्हणून खोटी ठरत नाही.

शेवटी एक प्रयोग. शांत मोकळ्या जागी मित्राला सायकलची घंटी सारख्या जोराने वाजवायला सांगा. मोबाइलवरील ध्वनिमापकाने ५, १० आणि २० मीटरवर नोंदी घ्या. त्याचे आकडे अचूक असतीलच असे नाही, पण त्यांतील फरक पाहा. तो दरवेळी ६ च्या आसपास येतो का? न आल्यास कारण शोधा: जवळची भिंत, की रस्त्यावरची रहदारी? मग वस्तीच्या सभेत ती वही घेऊन जा. आजोबांनाही बरोबर घ्या; मोजमाप दोघांनी मिळून केले, की भांडण निम्मे मिटते.