पळण्याआधी थांबणं : जुनी स्पोर्टी गाडी रोजच्या वापरात आणताना



समोर बरीच तरुण मुलं दिसताहेत, आणि मागच्या रांगांमध्ये काहींचे वडीलही. विषय दोघांच्याही कामाचा आहे. मुलाच्या मनात जुनी, स्वस्तात मिळणारी, पण पळणारी गाडी असते. वडिलांच्या मनात एकच प्रश्न असतो : ही गाडी रोज गडचांदूरला कामावर जाऊन संध्याकाळी घरी धड परत येईल का? आज मी वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करणार आहे. त्याचं उत्तर नीट मिळालं, तर मुलाची हौसही टिकते.

आधी स्पोर्ट्स कार म्हणजे काय, ते बघू. जगात 1989 साली माझदाची एमएक्स-5 आली. दोन माणसांची, हलकी, साध्या इंजिनाची आणि मध्यम पगारवाल्याला परवडेल अशी. आपल्याकडे त्या वळणाचा एक प्रयत्न गोव्यात झाला. सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, फायबरच्या बॉडीची गाडी, आत रेनॉचं लहान इंजिन. ती रस्त्यावर फार थोडी दिसली. आपल्या सामान्य माणसाची खरी स्पोर्ट्स कार वेगळीच होती. घरातल्या साध्या गाडीतच मोठं इंजिन बसवलेली. फोर्ड आयकॉन 1.6, होंडा सिटी व्हीटेक, आणि आपल्या महाराष्ट्रात कुर्ल्याला बनलेली फियाट पॅलिओ 1.6. ही पॅलिओ 2001 साली आली. 1596 सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, सुमारे 100 अश्वशक्ती. सचिन तेंडुलकरच्या नावाची एस-10 ही आवृत्तीही निघाली होती. मी आज उदाहरणाला पॅलिओच घेतो, पण सांगतो ते या सगळ्यांनाच लागू आहे.

आता या गाड्यांची वयं मोजा. वीस वर्षं, त्याहून जास्तही. फियाटने भारतात गाड्या विकणं 2019 मध्ये थांबवलं. एखादा पार्ट राजुऱ्यात नाही मिळाला तर चंद्रपूर, तिथंही नाही तर नागपूर, म्हणजे दीडशे किलोमीटरहून जास्त. म्हणून खर्चाचा क्रम फार महत्त्वाचा. बहुतेक पोरं काय करतात? गाडी घेतली की पहिला खर्च सायलेन्सरवर, दुसरा मोठ्या अलॉयवर, तिसरा स्टिकरवर. ब्रेकला हात लागेपर्यंत पैसे संपलेले असतात. मी उलटा क्रम सांगतो, पाच पायऱ्यांचा : आधी थांबणं, मग रस्ता धरणं, मग थंड राहणं, मग दिसणं, आणि शेवटी पळणं.

पहिली पायरी, थांबणं. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 ऐवजी 80 ने चाललात तर वेग वाढला एक-तृतीयांशाने, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वाढली जवळपास पावणेदोन पट. शिवाय 80 च्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोरचा कोळशाचा ट्रक थांबलाय हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर 22 मीटर फुकट गेले.

म्हणून पॅड, शू, डिस्क, रबरी ब्रेक होज हे आधी बघा. आणि एक गोष्ट जी कुणीच बघत नाही : ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही मर्यादा 155 अंशांच्या आसपास येते. लांब उतारावर, वारंवार ब्रेक मारताना ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, आणि पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. खर्च अगदी मामुली, आणि गाडीत यापेक्षा मोठं मॉडिफिकेशन नाही.

दुसरी पायरी, रस्ता धरणं. म्हणजे टायर आणि सस्पेन्शन. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही शिल्लक असो, जुना टायर कडक होतो आणि पावसात पकड सोडतो. वापरलेली गाडी घेताना हे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मोठ्या अलॉयचं गणित करू. समजा गाडीला 175/65 आर-14 टायर आहे. 175 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, आणि 65 म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे 114 मिलिमीटर. त्याजागी 195/45 आर-16 लावला. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, मीटर चुकत नाही. पण भिंत राहते फक्त 88 मिलिमीटर. खड्ड्याचा मार झेलणारी 26 मिलिमीटरची गादी गेली. सास्ती, गौरी, पोवनी या खाणींची वाहतूक ज्या रस्त्यांवरून होते, तिथले खड्डे तुम्हाला माहीत आहेत. एक खड्डा चुकला की रिम वाकते, नाही तर टायरला फुगा येतो. थोडा रुंद टायर हवा असेल तर त्याच रिमवर 185/60 लावा. व्यासात एक टक्क्याहूनही कमी फरक पडतो आणि गादी बरीचशी टिकते. फक्त त्याचा लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको.

सस्पेन्शनमध्ये सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं. कापलेली स्प्रिंग कडक होते, मोठ्या उसळीत आपल्या जागेवरून निसटू शकते, आणि गावातल्या प्रत्येक ब्रेकरला गाडीचं पोट घासतं. त्याऐवजी शॉकअप नवे टाका. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे टोक बदला, मग अलाइनमेंट करा. वीस वर्षांची गाडी अचानक तरुण का वाटते, याचं उत्तर या रबराच्या बुशमध्ये असतं.

तिसरी पायरी, थंड राहणं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. अशा वेळी इंजिनाची कसोटी वेगात लागत नाही. रेल्वे फाटकावर एसी चालू ठेवून उभं राहिलं की लागते. रेडिएटर साफ करा, पंख्याचा रिले आणि प्रेशर कॅप तपासा. कुलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला, आणि मिसळायला शुद्ध केलेलं पाणी वापरा. बोअरचं जड पाणी घातलं की आत क्षार बसतात, आणि रेडिएटर हळूहळू बंद होतो.

गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : "गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका." हे करू नका. थर्मोस्टॅट इंजिनाला योग्य तापमानावर ठेवतो. तो काढला की थंडीत इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जळतं, आणि रेडिएटर चोक झालाय हा मूळ आजार झाकला जातो. जाम झाला असेल तर नवा टाका.

याच पायरीवर टायमिंग बेल्ट. तो किलोमीटरने संपतो तसा वयानेही संपतो. बऱ्याच इंजिनांमध्ये तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं हेड उतरवावं लागतं. जुन्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चाला.

आणि पेट्रोलच्या नळ्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. 2001 च्या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, भेगाळतं, आणि टाकीतली जुनी घाण सोडवून फिल्टरमध्ये आणतं. गरम इंजिनाजवळ पेट्रोल गळणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि नवा फिल्टर, हा खर्च टाळू नका.

चौथी पायरी, दिसणं. म्हणजे आपल्याला रस्ता दिसणं, आणि समोरच्याचे डोळे न दिपवणं. रात्री जिवतीकडे जाताना रस्त्यावर रानडुक्कर येतं, गुरं बसलेली असतात. जुन्या गाडीचा उजेड पिवळट का पडतो? बहुतेक वेळा बल्बचा दोष नसतो. जुन्या वायरिंगमधून बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. साडेतेरा व्होल्टऐवजी बारा पोचले तर हॅलोजनचा उजेड साधारण एक-तृतीयांशाने घटतो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकला की त्याच 60/55 वॉटच्या बल्बला नवं तेज येतं. हॅलोजनसाठी बनलेल्या दिव्यात कुठलाही एलईडी बल्ब कोंबला तर प्रकाश भलतीकडेच फेकला जातो. तुम्हाला पांढरंशुभ्र दिसतं, आणि समोरचा मोटरसायकलवाला आंधळा होतो.

आता पाचवी, पळणं. इथं पोरं पहिल्यांदा उघडा कोन फिल्टर लावतात. हवा जोरात ओढल्याचा आवाज येतो, छान वाटतं. पण तो फिल्टर बॉनेटच्या आतली तापलेली हवा ओढतो. बाहेर 45 अंश आणि आत 70 अंश असेल, तर आतली हवा सुमारे सात टक्के विरळ असते. म्हणजे पैसे देऊन ताकद कमी केली. वर कोळशाची आणि सिमेंटची धूळ आहेच. कंपनीचा डबा, त्याची बाहेरून हवा घेणारी नळी आणि वेळेवर बदललेला कागदी फिल्टर, हीच इथली उत्तम व्यवस्था. ती नळी खाली आणून लावू नका. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की बल्लारपूरकडचा रस्ता पाण्याखाली जातो. इंजिनाने पाणी ओढलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साचलेल्या पाण्यातून गाडी नेण्याचा मोह कुणालाच नको.

नवे प्लग, स्वच्छ इंजेक्टर, चांगली क्लच प्लेट, योग्य हवा. एवढ्यावर बऱ्याच जुन्या गाड्यांची हरवलेली ताकद परत येते. रोजच्या गाडीला तेवढी पुरते.

शेवटी कायदा, कारण इथं खिसा आणि नोंदणी दोन्ही पणाला लागतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं, सीएनजी किट लावायचं, तर आधी आरटीओची रीत पाळून आरसीवर नोंद हवी. रंग बदलला तरी नोंद हवी. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि सुरांचा हॉर्न तर बसतच नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. एमएच-34 ची तुमची वीस वर्षांची गाडी त्या तपासणीला उभी राहणारच आहे. आणि अपघात झाला, विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर दावा अडकू शकतो. मी आत्तापर्यंत सांगितलेल्या बहुतेक गोष्टी म्हणजे दुरुस्ती आहे. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

इथं एका मुलानं विचारलंय, "भाऊ, हे सगळं केलं तर गाडी साधीच राहिली ना? मग मजा काय?"

प्रश्न बरोबर आहे. बाबा रे, पॅलिओ 1.6 ची मजा कंपनीनेच आत भरलेली आहे. जड, घट्ट स्टिअरिंग, वळणावर न हलणारी बॉडी आणि तिसऱ्या गिअरमधला ओढा. वीस वर्षांत ती मजा घसटलेल्या बुशमध्ये, कडक टायरमध्ये, चोक झालेल्या रेडिएटरमध्ये हरवली. आपण ती परत काढतोय. मग सीट चांगली शिवून घे, स्टिअरिंगला चामडं लाव, आवडीचा टेप बसव. मूळ रंगाची, डाग नसलेली अशी गाडी रस्त्यावर आली की लोक वळून बघतातच.

गाडी घेण्याआधी एक काम करा. किंमत ठरवताना एक-तृतीयांशाहून जास्त रक्कम बाजूला ठेवा. लाखाची गाडी घ्यायची ऐपत असेल तर साठ-पासष्ट हजारांची शोधा, आणि उरलेले पैसे या पाच पायऱ्यांना त्याच क्रमाने द्या. पैसे तिसऱ्या पायरीवर संपले तरी चालेल, तुम्ही रोज कामावर जाऊ शकाल. सुरुवात पाचवीपासून केली आणि पैसे संपले, तर घरच्यांनी रात्री फाटकाकडे बघत बसायचं.

अजून प्रश्न असतील तर खाली या, बॉनेट उघडून बोलू.